पाय बांधले ना, मग उठा आता

आमच्या घरी बैलजोडी होती तेव्हाची गोष्ट. पऱ्हाटीच्या दिवसात बंडी डांबरी रोडनं जिनिंगपर्यंत जायची, म्हणून बैलांना नाल मारून घ्यावे लागत, आणि त्यासाठी एक नालबंद चाचा महिन्यातून एकदा गावात यायचे अन् शाळेमागच्या चिंचेखाली बसायचे. बैल पाडणं हा एक बघण्यासारखा कार्यक्रम असते, ज्यांनी पाहिला नाही त्यांना सांगतो, दोर अंगाभोवती अन् पायात असा गुंतवतात की ओढला की बैल आपोआप बसतो अन् मग कुशीवर जातो, मग चारही पाय एकत्र बांधायचे, आणि हे होईपर्यंत एकानं शिंगं धरून मानेवर गुडघा टेकवून डोकं जमिनीला दाबून ठेवायचं. हे मानेचं काम आमच्या बाबांकडे. अंगानं दणकट होते अन् बैलही आमचाच.

चाचांचा एक नियम होता. शेवटची गाठ बसली की ते हातोडी उचलायच्या आधी बाबांकडे बघायचे, "पाय बांधले ना भाऊ, मग उठा आता. शिंग पकडा खाली." बाबा कधीकधी सवयीनं तसेच बसून राहायचे तर चाचा चिडायचे, हातोडी खालीच ठेवायचे, सुरूच करायचे नाही. पोटावर तर कोणाला हातही टेकवू द्यायचे नाही, बैल आडवा पडला की त्याचं पोट फुगते अन् दम लागते हे त्यांना कोण्या डॉक्टरनं शिकवलं नव्हतं. एका खुराला दोन पत्र्या म्हणजे चार पायाच्या आठ, ते आठ नाल इतक्या फटाफट ठोकायचे की आम्ही पोट्टे खिळे मोजता मोजता चुकायचो.

आता हे आठवायचं कारण काय, तर आमच्या आठवडी बाजारात एकदा मी जे पाहिलं ते. कोणतं गाव, कोणतं ठाणं ते लिहित नाही, यवतमाळ जिल्ह्यातला बाजार एवढं पुरे. मी तेव्हा एका ग्रामीण रुग्णालयात कंत्राटी लॅब टेक्निशियन होतो, सुट्टी होऊन भाजी घ्यायला आलो होतो, हातात वांग्याची अन् सांभाराची थैली. कोंबड्यांच्या लाइनीत भांडण झालं. एक माणूस, चाळिशीचा असेल, पिऊन तर्र होता हे खरं आहे, कोंबड्याच्या पैशावरून शिव्या देऊन राहिला होता, बंदोबस्तावरचा शिपाई समजवायला गेला तर त्यानं शिपायाला धक्का दिला, हेही खरं आहे. हे दोन्ही मी लपवत नाही कारण पुढची गोष्ट सांगितली की पहिला प्रश्न हाच येते, "त्यानं काय केलं होतं?"

मग दोघं शिपाई अन् एक होमगार्ड धावले. आमच्याकडे माणसाच्या गळ्यात दुपट्टा असतेच, उन्हाळा असो की हिवाळा, त्यातल्या एकानं मागून तो दुपट्टाच धरला अन् पीळ दिला. माणूस तोंडावर पडला. हात मागे ओढून दोरीनं बांधले. एकाचा गुडघा त्याच्या दोन खांद्यांच्या मधात, दुसरा कमरेखाली बसला, आणि दुपट्ट्याचा पीळ अजून हातातच. हात बांधून झाले होते. माणूस पाय झाडून राहिला होता, आणि तो जितका झाडे तितकं वरून वजन वाढे, कारण वरच्यांना वाटे हा अजून लढून राहिला.

"सायेब... दम घुटून राहिला... सायेब..."

"दम घुटून राहिला तं बोलून कसा राहिला बे?"

हे वाक्य मी माझ्या कानानं ऐकलं. आजूबाजूचे दोन-चार जण हसले पण. मी हसलो नाही, पण बोललोही नाही. घड्याळ मी पाहिलं नाही त्यामुळे मिनिटं सांगत नाही, बाजूला भज्याचं दुकान होतं, बाईनं घाणा टाकला होता तो पूर्ण तळून झाऱ्यानं काढून झाला अन् हे तसंच चालू. शेवटी ओरडली ती कोंबड्या विकणारी बाई, जिच्याशी त्याचं भांडण झालं होतं तीच, "मरून जाईन ना जी तो! उठा ना!" होमगार्डनं, तो आमच्याच भागातला पोरगा, त्या शिपायाला खांद्याला धरून बाजूला केलं, माणसाला कुशीवर लोटलं, तो खोकला, ओकला, अन् मग जो दम घेतला त्याचा आवाज मला अजून येते. जुन्या पंपात हवा शिरते तसा.

तो वाचला. म्हणूनच ही बातमी झाली नाही.

दुसऱ्या दिवशी पोलिस त्याला मेडिकलला घेऊन आले. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, अटक केलेल्या माणसाला कोर्टात उभं करायच्या आधी सरकारी दवाखान्यात दाखवतात, सोबत पोलिसांची एक यादी असते म्हणजे पत्र, डॉक्टर विचारतात "काही मारहाण झाली का?" आणि हा प्रश्न विचारताना ज्यानं मारहाण केली असेल तो बहुतेक दोन फुटावर उभा असते. "पडलो जी," तो म्हणाला. कागदावर दारूचं आलं. मानेभोवती जो लालकाळा पट्टा होता, दुपट्ट्याच्या विणीसहित उमटलेला, तो नाही आला. मी काही डॉक्टर नाही, माझी सही लागत नाही, मी खिडकीतून पाहिलं अन् परत माझ्या सेंट्रिफ्यूजकडे आलो.

नाव ऐकलं तेव्हा मात्र लक्षात आलं की हा माणूस माझ्या रजिस्टरमध्ये आहे. दोन वर्षाआधी त्यांच्या पोडावर, म्हणजे आदिवासी वस्तीवर, सिकलसेलचा (रक्ताच्या एका आनुवंशिक आजाराचा) कॅम्प झाला होता. आमच्या विदर्भात हा आजार कसा पसरून आहे ते इथल्या माणसाला सांगायला नको, गडचिरोली, चंद्रपूर, गोंदिया, भंडारा, इकडे यवतमाळ, आदिवासी अन् दलित वस्त्यांमध्ये घरटी ओळखीचा आहे. टेस्ट सोपी असते, परीक्षानळीत औषध, त्यात बोटातल्या रक्ताचा थेंब, आणि नळी रेघोट्या मारलेल्या कागदापुढे धरायची. रेघा दिसल्या तर निगेटिव्ह, पाणी गढूळ होऊन रेघा गायब झाल्या तर पॉझिटिव्ह, मग पुढची टेस्ट करून बघायचं की एएस आहे की एसएस. एसएस म्हणजे पेशंट. एएस म्हणजे नुसता वाहक, त्याला एरवी काही होत नाही, शेतात राबतो, बंडी हाकतो, म्हातारा होतो. हा एएस होता. रेघा गायब झालेली त्याची नळी मीच धरली होती.

त्या रात्री एकच गोष्ट डोक्यात फिरत होती. त्या बाईनं आवाज दिला नसता तर कागदावर काय आलं असतं? दारू आली असती. सिकलसेल आला असता, माझ्याच रजिस्टरमधून. "झटापटीत प्रकृती बिघडली" आलं असतं. दुपट्टा कुठंच आला नसता.

हे मी उगाच डोकं चालवून लिहून राहिलो असं वाटेल, म्हणून अमेरिकेतलं सांगतो, तिकडे हे प्रत्यक्ष घडलं आहे. २००६ च्या जानेवारीत फ्लोरिडामध्ये मार्टिन ली अँडरसन नावाचा १४ वर्षांचा काळा मुलगा सरकारी बूट कॅम्पमध्ये (पोरांना शिस्त लावायच्या छावणीत) गार्डांच्या हाताखाली मेला, पहिल्या डॉक्टरनं पीएममध्ये, म्हणजे पोस्टमार्टममध्ये, लिहिलं सिकलसेल वाहक असल्यामुळे. व्हिडिओ होता, बोंबाबोंब झाली, दुसऱ्यांदा पीएम झालं तेव्हा निघालं की गार्डांनी तोंड दाबून नाकाशी अमोनिया धरला होता अन् पोरगा गुदमरून मेला. (गार्ड पुढे २००७ मध्ये निर्दोष सुटले, तो भाग वेगळा.) २०२१ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सनं जुने कागद उकरले तर २५ वर्षांत कस्टडीतल्या किमान ४६ काळ्या लोकांच्या मृत्यूमागे सिकलसेल ट्रेट, म्हणजे नुसतं वाहक असणं, हे कारण किंवा एक कारण म्हणून पुढे केलेलं सापडलं. तिकडे काळ्या लोकांमध्ये १३ पैकी साधारण एक जण वाहक आहे, म्हणजे हे कारण शोधायला फार लांब जावंच लागत नाही. रक्ताच्या आजारांच्या डॉक्टरांची तिकडची संघटना शेवटी जाहीर बोलली की वाहक असण्यावर असा मृत्यू ढकलणं वैद्यकशास्त्राला धरून नाही.

मी जेव्हा हे वाचलं तेव्हा मला माझी ती नळी आठवली.

आता मानेचं. मी डॉक्टर नाही हे परत सांगतो, पण एवढं तर डीएमएलटीला, म्हणजे लॅब टेक्निशियनच्या डिप्लोमालाही शिकवतात. गळा दाबायचे दोन प्रकार. पुढून दाबला तर श्वासनळी बंद, त्यात नळी तुटूही शकते. बाजूनं दाबला, म्हणजे हनुवटीखाली दोन्हीकडे बोट ठेवलं की जी नस उडते तिथं, तर श्वास चालू राहूनही मेंदूचं रक्त अडते, दहा-पंधरा सेकंदात माणसाची शुद्ध जाऊ शकते. अमेरिकन पोलिसांना हा दुसरा प्रकार कित्येक वर्षं "सेफ" म्हणून शिकवला गेला. आता झटापटीत, माणूस वळवळून राहिला असताना, हाताचा दाब बरोबर बाजूलाच बसेल अन् पुढं सरकणार नाही याची गॅरंटी कोण देणार बाप्पा. १९७६ मध्ये लॉस एंजलिसला अडॉल्फ लायन्स नावाच्या माणसाची गाडी मागचा लाइट बंद म्हणून थांबवली अन् असाच गळा धरून बेशुद्ध केलं. तो वाचला, कोर्टात गेला. सुप्रीम कोर्टात गेल्यावर १९८३ मध्ये ५ विरुद्ध ४ नं निकाल आला की पोलिस तुझा गळा पुन्हा धरतीलच हे तू दाखवू शकत नाही, म्हणून बंदीचा आदेश मागायचा तुला हक्क नाही. नुकसानभरपाई माग म्हणे. विरोधी निकालात न्या. मार्शलनी लिहून ठेवलं आहे की तोपर्यंत त्या एका शहरात अशी पकड वापरल्यानंतर १६ माणसं मेली होती, त्यातली १२ काळी.

न्यूयॉर्क पोलिसांनी तर १९९३ मध्येच गळा धरायला स्वतःच बंदी घातली होती. २०१४ मध्ये एरिक गार्नर नावाचा माणूस सुट्या सिगारेटी विकतो या संशयावरून पकडला गेला, गळ्यात हात, खाली पाडला, ११ वेळा म्हणाला दम घेता येत नाही, अन् मेला. बंदी कागदावर २१ वर्षांची होती.

पण मला सगळ्यात जास्त ज्यानं विचारात पाडलं ते मानेचं नाहीच, ते पाठीचं आहे. माणूस पालथा, हात मागे बांधलेले, वरून वजन. आपण श्वास घेतो म्हणजे छाती फुगते अन् पोट पुढे येते, तेवढी जागा लागते. खाली जमीन, वर गुडघा, जागा कुठून येणार. अमेरिकेच्या न्याय खात्याच्या १९९५ च्या पोलिसांसाठीच्या एका छोट्या पत्रकात साफ लिहून होतं, बेड्या घातल्या की लगेच माणसाला पोटावरून हलवा. म्हणजे आमचे चाचा जे बैलासाठी म्हणायचे तेच. बैलाची गोष्ट माणसाला लावली म्हणून कोणाला राग आला तर येऊ द्या, मला तर उलट याचा राग येते की बैलाला जो नियम लागू होता तो त्या बाजारात माणसाला नव्हता.

ते पत्रक निघून २५ वर्षं झाली अन् २५ मे २०२० ला मिनियापोलिसमध्ये जॉर्ज फ्लॉइड नावाचा काळा माणूस मेला. ती क्लिप सगळ्यांनी पाहिली, आमच्या पानटपरीवर पण पाहिली. २० डॉलरच्या नकली नोटेचा संशय, बेड्या लागलेल्या, पालथा, मानेवर डेरेक शोविन नावाच्या पोलिसाचा गुडघा, कोर्टात मोजून सांगितलं ९ मिनिटं २९ सेकंद. पोलिसांनी पहिली जी प्रेसनोट काढली तिचं हेडिंग होतं, पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटना होऊन इसमाचा मृत्यू. गुडघ्याचा ग सुद्धा नाही. एका १७ वर्षांच्या मुलीनं मोबाइल धरला नसता तर तेच हेडिंग राहिलं असतं.

त्या खटल्यात मार्टिन टोबिन नावाच्या फुप्फुसाच्या डॉक्टरनं एक गोष्ट समजावून सांगितली, मला ती आमच्या बाजारातल्या त्या शिपायाला नेऊन ऐकवावीशी वाटली. बोलता येते म्हणजे दम घेता येते, यावर विसंबणं धोक्याचं आहे. आवाज काढायला थोडीशी हवा नरड्यातून गेली तरी होते, फुप्फुसात खाली पुरेशी पोचून राहिली की नाही ते त्यावरून कळत नाही. माणूस बोलतो, बोलतो, अन् मग एकदम बोलत नाही, अन् वरच्याला वाटते आता शांत झाला.

शोविनच्या वकिलांनी बाकी सगळं काढलं, हृदयाचा आजार, नशेची औषधं, एका तज्ज्ञानं तर गाडीच्या सायलेन्सरचा धूर पण काढला. सरकारी डॉक्टरनं सांगितलं की आजार अन् औषधं होती, ती सोबतीची कारणं, पण मृत्यू पोलिसांनी दाबून धरल्यामुळे अन् मानेवरच्या दाबामुळे. ज्यूरीनं ते धरलं, साडेबावीस वर्षांची शिक्षा झाली. आणि गंमत पुढे आहे, तो धुराची गोष्ट काढणारा तज्ज्ञ डेव्हिड फाउलर आधी मेरीलँड राज्याचा मुख्य वैद्यकीय तपासनीस होता. लोकांनी म्हटलं याच्या काळातल्या जुन्या केसेस पण पाहा. ८७ मृत्यू बाहेरच्या डॉक्टरांनी परत तपासले अन् २०२५ मध्ये रिपोर्ट आला, ३६ मध्ये तपासणाऱ्या तिघांचंही एकमत की हा मृत्यू दुसऱ्या माणसाच्या हातानं झालेला आहे, आधी कागदावर अपघात, नैसर्गिक किंवा कारण अनिश्चित असं काहीबाही होतं. तिकडे अजून एक शब्द चालायचा, "एक्सायटेड डिलिरियम", म्हणजे माणूस उत्तेजित होऊन आपोआप मेला. २०२३ मध्ये तिथल्या इमर्जन्सी डॉक्टरांच्या संघटनेनं आपला जुना पेपर मागे घेतला तेव्हा कुठं तो शब्द मोडीत निघाला.

म्हणजे भांडण नेहमी एकाच ठिकाणी येऊन थांबते. मेला हे दोघांनाही मान्य असते. कशानं मेला, यावर सगळं.

आपल्याकडे काय. आपल्याकडे कायद्यात लिहून सगळं आहे, आधी सीआरपीसीत, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया कायद्यात होतं अन् जुलै २०२४ पासून त्याच्या जागी आलेल्या बीएनएसएसमध्ये आहे, अटक करताना विरोध केला तर लागेल तेवढा जोर लावा, पण पळून जाऊ नये यासाठी जेवढं बंधन लागते त्याच्यावर नको. डी. के. बसू खटल्यात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की अटकेच्या वेळी माणसाने मागणी केली तर त्याच्या अंगावरच्या लहानमोठ्या जखमा लिहायच्या, त्याची अन् पोलिसाची सही घ्यायची, एक प्रत त्याला द्यायची, कस्टडीत दर ४८ तासांनी डॉक्टरनं तपासायचं. "मागणी केली तर." पोडावरचा, रात्रभर लॉकअपमध्ये राहिलेला माणूस काय मागणी करणार, तो पाणी मागायला भितो. कस्टडीत मेला तर २४ तासात मानवाधिकार आयोगाला कळवायचं अन् न्यायदंडाधिकाऱ्यांनी चौकशी करायची हेही आहे. रोडवर, बाजारात, अटक होता होता मेला तर तो कस्टडीत होता की नव्हता, इथूनच वाद सुरू, बहुतेकदा आधी मर्ग (आकस्मिक मृत्यूची नोंद) दाखल होते, व्हिसेरा (तपासणीसाठी आतल्या अवयवांचे नमुने) राखून ठेवतात, अन् घरचे बॉडी उचलायला नाही म्हणून ठाण्यासमोर बसतात. ही शेवटची ओळ पेपरात किती वेळा वाचली त्याचा हिशोब नाही.

परभणीचं प्रकरण तर ताजं आहे. सोमनाथ सूर्यवंशी, कायद्याचा विद्यार्थी, डिसेंबर २०२४ मध्ये न्यायालयीन कोठडीत मेला. सभागृहात श्वसनाच्या आजाराचं सांगितलं गेलं अन् पीएमच्या प्राथमिक अहवालात अनेक जखमांमुळे बसलेला शॉक होता. हायकोर्टानं जुलै २०२५ मध्ये पोलिसांवर गुन्हा नोंदवायला सांगितलं, सरकार सुप्रीम कोर्टात गेलं, तिथंही तोच आदेश कायम राहिला. तिथं मानेचा प्रश्न नाही, पण आजार अन् जखम यातलं काय कागदावर वर लिहायचं, तो प्रश्न तोच.

एकच बाजू लिहिली असं कोणी म्हणू नये म्हणून माझ्या मावसभावाचं सांगतो. तो पोलिसात शिपाई आहे, दुसऱ्या जिल्ह्यात. मी त्याला बाजारातलं सांगितलं तर आधी चिडला. "भाऊ, तू एसीत बसून... " (आमच्या लॅबमध्ये पंखा पण धड नव्हता पण असो) "...रात्री दोन वाजता फोन येते, माणूस पिऊन कुऱ्हाड घेऊन बायकोच्या मागं लागला, आम्ही दोघं जातो, एक गाडी, ती पण धक्का मारून सुरू होते. त्याले पकडाव कसं ते सांग. ट्रेनिंगमध्ये परेड करवली, लाठी शिकवली, माणूस खाली पडल्यावर काय कराव हे माह्या बॅचले तं कोणी सांगतलं नाही." यात खोटं काही नाही. कुऱ्हाडवाल्या माणसाला हात जोडून कोणी थांबवत नाही, पाडावंच लागते. मी त्याला म्हटलं पाडण्याबद्दल माझं काही म्हणणंच नाही, मी हात बांधल्यानंतरचं विचारून राहिलो. तर म्हणे, "तेव्हा अंगात येऊन असते ना. तो शांत झाला की उठतो मग आम्ही." मी म्हटलं तो शांत झाला म्हणजे काय झालं ते तुला कसं कळते? त्यानं विषय बदलला, पाऊस कसा आहे म्हणे तुमच्याकडे.

पोळ्याच्या सुट्टीत मावशीकडे सगळे जमलो होतो. बैल सजवून झाले होते, आम्ही आंगणात बसलो होतो, तो स्वतःच म्हणाला, "चाल दाखव मले, काय ते तुह्या पालथ्याचं." अन् ताज्या सारवलेल्या आंगणात पालथा झाला, हात स्वतःच मागे घेतले. मी त्याच्या दोन खांद्यांमध्ये गुडघा टेकवला, पूर्ण वजन नाही दिलं, अर्धं पण नसेल. (हे घरी करून पाहू नका, मलाही आता वाटते करायला नव्हतं पाहिजे.) पोरं जमली. तो हसून राहिला होता, "पाह्य, बोलून राहिलो ना मी... बोलता येते ना..." मग बोलणं तुटक झालं. मग पाय हलले. मी मोबाइलवर पाहिलं, ३५ सेकंद झाले होते, तो बोलायच्या ऐवजी बांधलेले नसलेले हात सोडवून जमिनीवर थापट्या मारून राहिला होता. मी उठलो.

तो उठून बसला, तोंडावर शेण लागलं होतं, काही बोलला नाही, नांदीवर जाऊन तोंड धुतलं. तेवढ्यात मावशी बाहेर आली अन् आम्हा दोघांना धरून शिव्या घातल्या, सणाच्या दिवशी नवा शर्ट घाण केला म्हणून.

"काढ तो शर्ट," ती म्हणाली, "अन् किती वेळ खोकलून राहिला रे तू?"

"काई नाही वं," तो म्हणाला. "भाऊ दाखवून राहिला होता."